आतून काहीच येत नसेल, तर ओढतं कोण?

कृष्णविवरातून प्रकाशसुद्धा बाहेर पडत नाही, हे आता शाळकरी मुलंही सांगतात. मग त्याचं गुरुत्वाकर्षण बाहेर कसं येतं? प्रकाशाहून वेगानं काहीच जाऊ शकत नाही आणि तो प्रकाश तर आत अडकलेला. तरीही गुरुत्व बाहेर पोचतं आणि दूरच्या ताऱ्यांना स्वतःभोवती फिरवत ठेवतं. ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणून जो पुढं जातो, त्यानं त्यातलं एक तरी नुसतं पाठ केलेलं असतं.

हा प्रश्न माझ्या थोरल्या भावाचा. त्याची सगळी नोकरी नवी मुंबईत पायाच्या कामात गेली. माती तपासायची, ती किती भार सोसेल ते सांगायचं, पाइल किती खोल न्यायची ते ठरवायचं. समोर होती माझी लेक. ती भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते आणि आइन्स्टाइनच्या सिद्धांतावर तिचा जीव आहे. सीबीडी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजमधल्या आमच्या घराच्या चौकात निघालेला हा विषय पुढं पारसिक टेकडीच्या चढावर आणि खाडीकाठी बरेच दिवस चालला. मी बहुतेक वेळ ऐकत होते. दोघांना खाली त्यांच्या नात्यानंच मामा आणि भाची म्हटलं आहे.

मामा : माझा हिशेब साधा आहे. भार असला की त्याला जमिनीपर्यंत जायला वाट लागते. स्लॅबमधून बीममध्ये, बीममधून कॉलममध्ये, कॉलममधून पाइलमध्ये आणि शेवटी खडकात. मध्ये कुठं वाट तुटली, तर भार पोचत नाही. तुमच्या कृष्णविवराभोवती अशी सीमा आहे की आतलं काहीच बाहेर येत नाही. मग आतलं वस्तुमान बाहेरच्या ताऱ्याला ओढतं ते कुठल्या वाटेनं?

भाची : वाट लागतच नाही, कारण आतून काही यावंच लागत नाही. कृष्णविवराच्या बाहेर जे गुरुत्व आहे, ते बाहेरचंच आहे. तारा कोसळायच्या आधीपासून ते तिथं होतं. तारा कोसळून आत गेला आणि त्याच्याभोवतीचा अवकाश-काल जसा वाकलेला होता तसाच राहिला.

मामा : वस्तू गेली आणि वाक राहिला? तो टिकवतं कोण?

भाची : तो स्वतःच टिकतो. आइन्स्टाइननं समीकरणं मांडली १९१५ साली. लगेच पुढच्या वर्षी कार्ल श्वार्त्सशिल्डचं उत्तर छापून आलं. गोल वस्तूच्या बाहेरच्या रिकाम्या जागेत गुरुत्व कसं असेल, याचं ते उत्तर. त्यात आत काय आहे हे विचारलेलंच नाही. फक्त एक आकडा लागतो, एकूण वस्तुमानाचा. ते वस्तुमान सूर्याएवढं फुगलेलं असो की तीन किलोमीटर त्रिज्येत आवळलेलं असो, बाहेर फरक पडत नाही. तारा गोलाकार राहून आक्रसत गेला, तर तो आक्रसत असतानाही बाहेरचं गुरुत्व हलत नाही.

मामा : आणि नंतर आत आणखी काही पडलं तर? वस्तुमान वाढलं हे बाहेरच्या ताऱ्याला कळवणार कोण?

भाची : पडणारी वस्तू बाहेरूनच येते ना? येताना स्वतःचा वाक बरोबर घेऊन येते. ती सीमेशी पोचेपर्यंत बाहेरचा हिशेब पूर्ण झालेला असतो. आतून निरोप यायची गरज पडत नाही.

मामा त्या दिवशी काही बोलला नाही. पटलं नाही की तो गप्प बसतो आणि विचार करतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. दुसऱ्या खेपेला आला तो स्वतःचं उदाहरण घेऊन. मला ते पुस्तकांतल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा जवळचं वाटलं, म्हणून सविस्तर देते.

मामा : आपली खाडीकाठची चिकणमाती घे. बांधकामाआधी तिच्यावर मुरमाचा मोठा भराव टाकून महिनोन्महिने ठेवतात. आतलं पाणी हळूहळू निघून जातं, माती दबते. मग भराव उचलला, तरी माती पहिल्यासारखी होत नाही. तिचा नमुना प्रयोगशाळेत नेऊन दाबला, की तिच्यावर आजवर जास्तीत जास्त किती भार आला होता ते सांगता येतं. भराव गेला, पण त्याची नोंद मातीत राहिली. तू म्हणतेस ते असंच का?

भाची : बरंचसं असंच. फरक एवढा की इथं दबायला माती नाही. अवकाश आणि काळ हेच वाकलेले आहेत. आणि भराव उचलून दुसरीकडे नेलेला नाही, तो आत गेलाय. पण नोंद बाहेर आहे हे अगदी बरोबर.

मामा : कसली नोंद? मातीवरून भार किती ते कळतं, भराव मुरमाचा होता की दगडाचा ते कळत नाही.

भाची : इथंही तसंच. वस्तुमान, फिरण्याची गती आणि विद्युतभार, एवढंच कळतं. आत लोखंड पडलं की हायड्रोजन, ते बाहेरून सांगता येत नाही.

या शेवटच्या वाक्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. पुढं भांडण पेटलं ते त्यावरूनच.

अवकाश-काल वाकतो म्हणजे नक्की काय होतं, हे मामानं टेकडी चढताना विचारलं. लेकीनं रबराची ताणलेली चादर आणि तिच्यावर ठेवलेला गोळा हे नेहमीचं चित्र काढलं नाही, याचा मला आनंद झाला. त्या चित्रात गोळ्याला खाली ओढायला पुन्हा गुरुत्वच लागतं.

भाची : घड्याळापासून सुरुवात कर. जमिनीजवळचं घड्याळ उंचावरच्या घड्याळापेक्षा किंचित हळू चालतं. घराच्या चौकात एक आणि इथं त्याहून शंभर मीटर उंच एक, अशी दोन अतिशय अचूक घड्याळं ठेवली, तर वर्षभरात वरचं घड्याळ सुमारे एक तृतीयांश मायक्रोसेकंद पुढं गेलेलं असेल. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं गुरुत्व आणि वेग दोन्ही धरून रोज ३८ मायक्रोसेकंद पुढं धावतात. ती दुरुस्ती केली नाही, तर तुझ्या फोनवरचा नकाशा दिवसाला कित्येक किलोमीटरनं चुकेल.

मामा : असेल. त्याचा दगड खाली पडण्याशी काय संबंध?

भाची : तोच तर संबंध आहे. मोकळी सोडलेली वस्तू अवकाश-कालातून जमेल तितकी सरळ जाते. वर काळ जलद आणि खाली संथ असला, की ती सरळ वाटच पृथ्वीकडे वळते. आपण तिला पडणं म्हणतो. पृथ्वीजवळ गुरुत्व म्हणजे जवळजवळ सगळं काळाच्या चालीतल्या या फरकामुळेच आहे. कृष्णविवराजवळ हाच फरक प्रचंड होतो. जिथून परत येता येत नाही त्या सीमेला घटना क्षितिज म्हणतात. न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या केंद्रापासून क्षितिजाच्या त्रिज्येच्या एक पूर्णांक एक तृतीयांश पट अंतरावर कुणी इंजिन चालवून एका जागी तरंगत राहिलं, तर त्याच्या एका तासात दूरच्या जगात दोन तास जातात. आणखी खाली गेलं की चार, शंभर, हजार.

मामा : आणि तिथून सगळं आत खेचलं जातं.

भाची : नाही, आणि हा गैरसमज फार पसरलाय. सूर्य काढून त्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं, तर पृथ्वीची कक्षा तसूभरही बदलणार नाही. आपण गारठून मरू, पण आत ओढले जाणार नाही. आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी सुमारे ४३ लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. एस२ नावाचा तारा त्याला १६ वर्षांत एक फेरी घालतो. २०१८ च्या मे महिन्यात तो अगदी जवळून, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १२० पट अंतरावरून, सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून जास्त वेगानं गेला आणि सुखरूप पुढं निघून गेला. अशा ताऱ्यांच्या वाटा वर्षानुवर्षं मोजल्या म्हणून राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं. धोका अगदी जवळ गेल्यावर आहे. क्षितिजाच्या त्रिज्येच्या तिप्पट अंतराच्या आत स्थिर कक्षा उरत नाही, आणि दीडपट अंतरावर तर प्रकाशच गोल फिरू शकतो. न्यूटनच्या नियमात कितीही जवळ गेलं तरी कक्षा सापडतेच. फरक नेमका तिथं आहे.

(हे आकडे न फिरणाऱ्या कृष्णविवराचे. खरी कृष्णविवरं फिरतात आणि फिरताना भोवतीच्या अवकाशालाही फरफटत नेतात. रॉय कर यांनी १९६३ मध्ये त्याचं गणित सोडवलं. इथं त्यात शिरत नाही.)

मामाला सगळ्यात जास्त हलवलं ते घनतेनं. मातीच्या माणसाला घनता कळते. कृष्णविवर म्हणजे कल्पनेपलीकडचं घट्ट काहीतरी, अशी त्याची पक्की समजूत होती.

भाची : एम८७ दीर्घिकेच्या मध्याशी आहे ते साडेसहा अब्ज सूर्यांचं. १० एप्रिल २०१९ ला ज्याचं पहिलं चित्र प्रसिद्ध झालं, तेच. त्याचं वस्तुमान घे, क्षितिजाच्या त्रिज्येचा गोल धरून शाळेतल्या सूत्रानं घनफळ काढ आणि भागाकार कर. आतला अवकाश आपल्या भूमितीत बसत नाही, त्यामुळं ही नुसती ठोकळ सरासरी आहे. पण उत्तर बघ. घनमीटरला अर्ध्या किलोपेक्षाही कमी.

मामानं फोनवर गणित केलं, मग पुन्हा केलं.

मामा : हवेपेक्षा हलकं.

भाची : निम्म्याहूनही हलकं. कृष्णविवर व्हायला घट्टपणा लागत नाही. पुरेसं वस्तुमान पुरेशा छोट्या जागेत लागतं, आणि वस्तुमान वाढेल तशी ती 'पुरेशी छोटी' जागाही मोठी होत जाते. म्हणून क्षितिजावर माणूस चिरडतोच, हेही खरं नाही. आता ही खाडी बघ. भरती चंद्राच्या ओढीनं येते असं आपण म्हणतो. पण चंद्रानं सगळी पृथ्वी सारखीच ओढली असती, तर पाणी हललं नसतं. जवळच्या बाजूला ओढ जास्त आणि लांबच्या बाजूला कमी, या फरकानं भरती येते. कृष्णविवराजवळ ताऱ्यांना फाडतो तो हाच फरक. दहा सूर्यांच्या कृष्णविवराच्या क्षितिजावर माणसाच्या डोक्यातल्या आणि पायातल्या ओढीत पृथ्वीच्या गुरुत्वाच्या दीड कोटी पटीहून जास्त फरक पडेल. त्याच्या कितीतरी आधीच शरीराच्या चिंध्या होतील. पण एम८७ च्या क्षितिजावर हा फरक इतका कमी आहे, की इथं खाडीकाठी उभं असताना तुझ्या डोक्या-पायांतला फरक त्याच्या दहा हजार पटीहून जास्त भरेल.

मामा : म्हणजे मी सीमा ओलांडली तरी मला कळणार नाही?

भाची : नाही. तिथं भिंत नाही, पाटी नाही, झटकाही नाही.

इथपर्यंत मामा तिच्याबरोबर होता. घट्टपणाचा हट्ट त्यानं सोडला, वाटेचाही सोडला. पण ती सीमेच्या आत शिरायला लागली, तसा तो थांबला. मला वाटतं, खरा मतभेद इथून सुरू होतो. दोघांपैकी कुणी अडाणीपणानं बोलत नव्हतं, म्हणून तो जास्त मोलाचा.

भाची : आत गेल्यावर केंद्र ही जागा राहतच नाही. बाहेर तू केंद्राकडे जाऊ शकतोस किंवा दूरही जाऊ शकतोस. आत केंद्र तुझ्या भविष्यात असतं, उद्यासारखं. उद्यापासून तू पळून जाशील कुठं? कितीही इंजिन चालव, वेळेची कमाल मर्यादा ठरलेली आहे. आपल्या आकाशगंगेतल्या कृष्णविवरात सव्वा मिनिटाच्या आत सगळं संपतं. एम८७ मध्ये फार तर २८ तास मिळतात.

मामा : हे तुला कुणी सांगितलं?

भाची : समीकरणांनी.

मामा : तीच अडचण आहे. खाली खडक आहे असं लिहायचं, तर मला बोअर घ्यावा लागतो, म्हणजे खोल भोक पाडून नमुना वर काढावा लागतो. बोअर न घेता लिहिलेल्या रिपोर्टवर मी आयुष्यात सही केली नाही. तुझ्या सीमेच्या आत बोअर जाऊ शकतो, पण नमुना वर येत नाही. जिथून नमुना येत नाही, तिथल्याबद्दल जे बोललं जातं ते शास्त्र कसं?

भाची : तू दर फुटावर बोअर घेत नाहीस. दोन बोअरमधला थर जोडतोसच ना?

मामा : जोडतो. पण दोन्ही बाजूंना बोअर असतात. तुझ्याकडे एकाच बाजूला आहे.

मला हे उत्तर अतिशय आवडलं. लेकीलाही लगेच काही सुचलं नाही. मग तिनं खाडीकाठचाच आकडा पुन्हा काढला. एम८७ च्या क्षितिजावर अवकाश-कालाचा वाक बेलापुरातल्यापेक्षा सौम्य आहे. सिद्धांत इथं, याहून कडक परिस्थितीत तपासून झालाय. मग तिथली एक अदृश्य रेषा ओलांडताक्षणी तो अचानक खोटा ठरावा, असं कारण काय? मामानं थोडा विचार केला आणि पहिलं पाऊल मान्य केलं. सीमेच्या जरा आत चालेल. शेवटचं पाऊल मात्र नाही. केंद्राशी घनता अनंत आणि वाक अनंत, हे त्याला मान्य नव्हतं. हिशेबात अनंत आलं की हिशेब चुकलाय असं समजायचं, हे त्याचं म्हणणं.

आणि इथं मामाच्या बाजूनं मोठी माणसं उभी आहेत. रॉजर पेनरोझ यांनी १९६५ मध्ये सिद्ध केलं की कोसळणं एका टप्प्यापलीकडे गेलं, की आइन्स्टाइनच्या सिद्धांतात सिंग्युलॅरिटी, म्हणजे हिशेब जिथं अनंतात जातो ती अवस्था, टळत नाही. त्याला आधार होता कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांच्या १९५५ च्या समीकरणाचा. पण कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर आणि त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी पेनरोझ यांच्या आधीच्या वर्षी, १९६४ मध्ये, स्वतःच्या सी-क्षेत्र नावाच्या सिद्धांतात सिंग्युलॅरिटी कशी टाळता येईल यावर शोधनिबंध लिहिला होता. बहुतेक शास्त्रज्ञांनी तो मार्ग स्वीकारला नाही. तरी अनंताशी तडजोड करायची नाही ही वृत्ती मला मोलाची वाटते. याच नारळीकरांनी टोपणनावानं 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली आणि १९७४ मध्ये तिला पहिलं बक्षीस मिळालं. आमच्या पिढीतल्या अनेकांना कृष्णविवर भेटलं ते नारळीकरांच्या मराठीतून. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पंकज जोशी यांनी वेगळाच धागा धरला. ताऱ्यातलं द्रव्य सगळीकडे सारखं पसरलेलं नसेल, तर काही परिस्थितींत सिंग्युलॅरिटी क्षितिजाआड न लपता उघडी राहू शकते, असं त्यांचं गणित सांगतं. तसं असेल, तर मामाला हवा तो नमुना निदान तत्त्वतः वर येऊ शकेल.

तेवढ्यात मामानं आणखी एक विसंगती शोधून आणली.

मामा : १४ सप्टेंबर २०१५ ला लायगो वेधशाळेला पहिल्या गुरुत्वलहरी, म्हणजे अवकाश-कालातल्याच लाटा, सापडल्या. ३६ आणि २९ सूर्यांची दोन कृष्णविवरं एकत्र आली आणि ६२ सूर्यांचं एक झालं. तीन सूर्य लहरींतून बाहेर गेले. मग आतून काही येत नाही म्हणतेस, ते तीन सूर्य आले कुठून?

भाची : ते आतले नव्हतेच. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरताना बाहेरच्या अवकाश-कालात जी ऊर्जा होती, तीच लहरींतून गेली. याची चाचणीही आहे. क्षितिजाचं क्षेत्रफळ कधी घटत नाही, हे हॉकिंग यांनी १९७१ मध्ये सांगितलं. आतलं काही बाहेर आलं असतं, तर क्षेत्रफळ घटायला हवं होतं. १४ जानेवारी २०२५ ला आजवरची सगळ्यात स्पष्ट लहर आली. त्यात आधीच्या दोन क्षितिजांचं क्षेत्रफळ मिळून सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर होतं आणि नंतरच्या एकाचं सुमारे ४ लाख. महाराष्ट्राचं ३ लाख ७ हजार. वस्तुमान घटलं, क्षेत्रफळ वाढलं.

अशी लहर ओळखायची तर ती आधी गोंगाटातून उपसावी लागते. कशा आकाराची लहर शोधायची ते ठरवून तिचा नमुना नोंदीवर बसवून बघायचा, ही पद्धत घडवण्यात पुण्याच्या आयुका संस्थेतले संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९८० च्या दशकाअखेरीपासून मोठा वाटा आहे. आणि नवं कृष्णविवर स्थिरावताना ठराविक सुरात विरत जातं, हे बंगळूरच्या सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच गणितानं दाखवलं होतं. जगात कुणी एकही लहर पकडायच्या ४५ वर्षं आधी.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि सुमारे २,६०० कोटी रुपये खर्च. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये त्याला मंजुरी दिली. मामाचा पहिला प्रश्न जमिनीचा होता. त्या भागात भूकंपाचे धक्के बसतात, आणि मोजायचं तर प्रोटॉनच्या व्यासाच्या शेकडो भागांतला एक भाग. लेकीनं सांगितलं की लायगोचे चाळीस किलोचे आरसे काचेच्या बारीक धाग्यांवर, चार टप्प्यांच्या लंबकाला टांगलेले असतात, म्हणजे जमिनीची थरथर आरशापर्यंत पोचू नये. मामाला हे इतकं आवडलं की त्यानं लंबकाचं चित्र काढून घेतलं.

आता त्या राहून गेलेल्या वाक्याकडे येते. बाहेर फक्त तीन आकडे उरतात, हे मामाच्या डोक्यात घोळत राहिलं होतं.

मामा : तू म्हणालीस, नोंद बाहेर असते. पण कसली? वस्तुमान, फिरणं आणि विद्युतभार. बाकीचं सगळं आत. ठीक आहे, आत का होईना, आहे. पण हॉकिंग म्हणतात की कृष्णविवर किरणं सोडत हळूहळू विरून जातं. मग आतली नोंद कुठं गेली?

भाची : तोच तर आजचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. हॉकिंग यांनी १९७६ मध्ये तो मांडला आणि अजून त्याचा निकाल लागलेला नाही. आणि मामा, तुझ्या बोअरचं उत्तरही यातच आहे. कृष्णविवर कायमचं राहणार असतं, तर आतल्याबद्दल बोलू नको हे तुझं म्हणणं मी कदाचित ऐकलं असतं. पण ते विरणार असेल, तर क्षितिजही कायमचं नाही. मग आत काय झालं याचा जाब कधीतरी बाहेर द्यावाच लागेल. म्हणून आतला प्रश्न हा शास्त्राचाच प्रश्न आहे.

इथं मी लेकीच्या बाजूची आहे, आणि मामाला मी तसं सांगितलंही. सिंग्युलॅरिटीवर विश्वास ठेवू नये, हे त्याचं म्हणणं मला पटतं. पण आत डोकावूच नये, हे पटत नाही. अनंत हा आकडा विश्वासाचा नसेल, तर तिथं काय आहे ते शोधायची जबाबदारी उलट वाढते.

ती जबाबदारी ज्यांनी आयुष्यभर उचलली, त्यांतले एक आपल्या शिरपूरचे आहेत. अभय अष्टेकर, जन्म १९४९. १९८६ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांत लिहिली, आणि त्यातून अवकाशही सलग नसून कणाकणांचा असतो असं मानणारी लूप क्वांटम ग्रॅव्हिटी उभी राहिली. २०१८ मध्ये त्यांनी हाव्हिएर ऑल्मेडो आणि परमप्रीत सिंग यांच्याबरोबर दाखवलं की या सिद्धांतात कृष्णविवराच्या मध्याशी वाक अनंत होत नाही. तो एका मोठ्या पण मोजता येणाऱ्या मर्यादेला पोचतो आणि अवकाश-काल त्यापलीकडे चालू राहतो. सिंग्युलॅरिटी नसेल, तर नोंद पुसली जायचंही कारण उरत नाही. हे सिद्ध झालेलं सत्य नाही. स्ट्रिंग सिद्धांतवाले दुसऱ्या वाटेनं त्याच प्रश्नाला भिडले आहेत आणि त्यांना हे मान्य नाही.

मामा : पण सूर्याएवढं कृष्णविवर विरायला १० च्या ६७ व्या घाताइतकी वर्षं लागतात, हे मी वाचलंय. आत्ता तर ते भोवतीच्या अवकाशापेक्षाही थंड आहे, म्हणजे विरायच्या ऐवजी ऊब घेतच बसलंय. तेवढं थांबायला कोण आहे?

भाची : थांबायला नकोच. क्षेत्रफळ हाती लागलंय ना? कृष्णविवराच्या आत किती नोंद मावते ते त्याच्या घनफळावर नाही, क्षितिजाच्या क्षेत्रफळावर ठरतं, असं बेकेन्स्टाइन हा भौतिकशास्त्रज्ञ १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच म्हणाला. अष्टेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये क्षितिजाच्या क्षेत्रफळाचे सूक्ष्म तुकडे मोजून त्याच नियमापर्यंत पोचून दाखवलं. ज्या क्षेत्रफळाचा हिशेब ते कागदावर करत होते, ते आता लायगो मोजतंय.

मामा : कितपत खात्रीनं?

भाची : २०१५ च्या लहरीवरून क्षेत्रफळ वाढल्याची खात्री ९५ टक्के होती. २०२५ च्या लहरीवरून ती ९९.९९९ टक्के झाली. औंढ्याची वेधशाळा सुरू झाली, की लहर आकाशात कुठून आली तेही आणखी नेमकं कळेल.

मामानं दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले. त्यांच्यापुढं त्यानं 'मोजलेलं' असं लिहिलं, आणि अष्टेकरांच्या नावापुढं 'बोअर बाकी'. लेकीनं दुसऱ्या शेऱ्याला हरकत घेतली नाही.